जोडून आलेल्या सुट्टीतला परदेश : रत्नागिरीहून एकटीने केलेल्या एका प्रवासाचा प्रकरण अभ्यास

माझी आतेबहीण रत्नागिरीत एका सीएच्या कार्यालयात काम करते. तिचे वय ३३ आहे. पासपोर्ट तिने काही वर्षांपूर्वी काढून ठेवला होता, पण त्यावर एकही शिक्का उमटलेला नव्हता. तिला एकदा परदेशी जाऊन यायचे होते, तेही एकटीने, ३५ हजार रुपयांच्या आत आणि रजेचे दोनच दिवस खर्च करून. यातली रजेची अट सर्वात अवघड होती. कोकणात नोकरी करणाऱ्या माणसाची वर्षाची रजा वर्ष सुरू होण्याआधीच वाटली गेलेली असते : चार-पाच दिवस गणपतीला, दोन दिवस शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा, एखादा दिवस गावच्या जत्रेला आणि उरलेले दुखण्याखुपण्याला व लग्नकार्याला. त्यामुळे एखाद्या सार्वजनिक सुट्टीला शनिवार-रविवार जोडून जे तीन-चार दिवस हाती लागतील, त्यांतच हा प्रवास बसवणे भाग होते. या आखणीत मी पहिल्यापासून तिच्याबरोबर होते. दोनशे पानी वहीत केलेल्या तिच्या नोंदी माझ्यासमोर आहेत आणि पुढची हकिकत त्यांवरूनच लिहिली आहे.

पहिली आखणी आणि ती का सोडली

पहिला विचार होता १ मे २०२५ चा. महाराष्ट्र दिन गुरुवारी येत होता. शुक्रवारी आणि पहिल्या शनिवारी रजा टाकली की रविवारपर्यंत चार दिवस मिळत होते. मार्चअखेरची धावपळ तोवर संपलेली असते, त्यामुळे कार्यालयातून अडचण येणार नव्हती. देश ठरला होता व्हिएतनाम, कारण मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमान आहे, प्रवास पाच तासांच्या आसपासचा आहे, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो आणि तिथे उतरल्यावरचा रोजचा खर्च आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढाच येतो. बँकॉकचाही विचार झाला होता. तिथे भारतीयांना व्हिसाची फी पडत नव्हती, परंतु जोडून आलेल्या सुट्टीत अर्धी मुंबई तिकडेच निघते आणि विमानाचे भाडे व्हिसाच्या फीपेक्षा कितीतरी जास्त चढते, हे दोन संध्याकाळी दर पाहिल्यावरच कळले.

विमानाचे दर पाहून झाले आणि मग तिने राहण्याची ठिकाणे पाहायला घेतली. एरवी आठशे-नऊशे रुपयांना मिळणारी सामायिक खोलीतली खाट त्या चार दिवसांसाठी तिपटीने महाग दिसत होती आणि बऱ्याच ठिकाणी शिल्लकच नव्हती. कारण शोधल्यावर जे समोर आले, ते आम्हा दोघींपैकी कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव, म्हणजे आजचे हो ची मिन्ह सिटी, पडले आणि व्हिएतनामचे युद्ध संपले. तो दिवस तिकडे राष्ट्रीय सुट्टीचा असतो आणि त्याला लागूनच १ मेची कामगार दिनाची सुट्टी येते. २०२५ मध्ये त्या घटनेला ५० वर्षे पूर्ण होत होती, मुख्य संचलन हो ची मिन्ह सिटीतच होणार होते, आणि मधला शुक्रवार आधीच्या एका शनिवारशी बदलून तिथल्या सरकारने ३० एप्रिल ते ४ मे अशी सलग पाच दिवसांची सुट्टी दिली होती. ज्या दिवसांत ही शहर पाहायला जाणार, नेमक्या त्याच दिवसांत तो अख्खा देश घराबाहेर पडलेला असणार होता.

इकडच्या टोकालाही तेच चित्र होते. परतीच्या दिवशी, म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, मुंबईहून रत्नागिरीकडे येणाऱ्या गाड्यांत चाकरमान्यांची उन्हाळी गर्दी असते आणि त्या दिवसांत आरक्षण मिळणे किती कठीण असते हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. तिने ही आखणी एकही रुपया भरण्याआधी, मार्चच्या मध्यावर सोडून दिली. संपूर्ण प्रकरणातला हा सर्वात चांगला निर्णय होता असे माझे मत आहे, कारण त्या वेळी उत्साह भरपूर होता आणि विमानाचे भाडे रोज वाढत असल्याने ‘आत्ताच घेऊन टाकू’ असा दबावही होता.

तीन रकाने

त्यानंतर तिने वहीत प्रत्येक जोडसुट्टीपुढे तीन रकाने आखले : ही सुट्टी आपल्याकडे कशी आहे, वाटेवर कशी आहे आणि तिकडे कशी आहे. २०२६ चे कॅलेंडर हाती आल्यावर हे रकाने भरताना बऱ्याच तारखा आपोआप गळाल्या. १ मे शुक्रवारी येत होता, पण तिकडच्या सुट्टीची अडचण दरवर्षीचीच होती. १५ ऑगस्ट शनिवारी पडत असल्याने सुट्टी म्हणून त्याचा फारसा उपयोग नव्हता. १४ सप्टेंबरचा सोमवार गणेश चतुर्थीचा, म्हणजे त्या दिवशी घर सोडण्याचा प्रश्नच नव्हता. उरले २६ जानेवारी आणि २ ऑक्टोबर.

२६ जानेवारी २०२६ हा सोमवार होता आणि २४ तारीख चौथा शनिवार असल्याने तिच्या कार्यालयाला त्या दिवशी सुट्टीच होती. शुक्रवार २३ आणि मंगळवार २७ अशी दोन दिवसांची रजा घेतली की पाच दिवस मोकळे होत होते. कामाच्या दृष्टीनेही ही तारीख सोयीची निघाली, कारण जीएसटीच्या मासिक विवरणाची मुदत २० तारखेला आणि तिमाही विवरणाची मुदत महाराष्ट्रासाठी २२ तारखेला संपते. २२ च्या संध्याकाळी टेबल रिकामे करून निघणाऱ्या माणसाला रजा देताना कोणत्याही सीएला फार विचार करावा लागत नाही. (शाळेतल्या शिक्षिकेला हीच सुट्टी वापरता आली नसती. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तिन्ही दिवशी झेंडावंदनाला हजर राहावे लागते, त्यामुळे कॅलेंडरवरच्या लाल तारखा सर्वांना सारख्या लागू पडत नाहीत.)

तिकडचा रकाना तपासला तेव्हा चांद्रवर्षाचा सण, म्हणजे तेत, १७ फेब्रुवारीला होता. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात सायगावातून गावी जाणाऱ्यांची झुंबड उडते. आपल्याकडे गणपतीआधी मुंबईत जे होते, तसेच ते असते. २४ जानेवारी त्या गर्दीच्या पुरेशी अलीकडे होती. दक्षिण व्हिएतनाममध्ये डिसेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने असल्यामुळे पावसाचाही प्रश्न नव्हता.

वाटेच्या रकान्यात मात्र जे निघाले, त्याची आम्हाला कल्पना नव्हती आणि कोकणात राहणाऱ्या वाचकाने ते मुद्दाम लक्षात घ्यावे असे मला वाटते. जोडून सुट्टी आली की मुंबई-पुण्याची माणसे गुरुवार-शुक्रवारी कोकणात आणि गोव्यात उतरतात व सोमवारी संध्याकाळी परत फिरतात. विमानतळ गाठण्यासाठी मुंबईला जाणारा रत्नागिरीकर नेमका उलट दिशेने निघालेला असतो. २२ च्या रात्री मुंबईकडे जाणारी आणि २७ च्या सकाळी मुंबईहून येणारी गाडी, या दोन्हींत जागा सहज मिळाली. हाच प्रवास तिने मोपा विमानतळावरून करायचा ठरवला असता, तर गोव्याकडे लोटलेल्या गर्दीबरोबर जावे लागले असते आणि तिथून मुंबई किंवा बंगळुरूमार्गे पुढचे विमान पकडावे लागले असते. सावंतवाडी-कुडाळकडच्या माणसाला मोपा घराजवळ आहे, त्याचे गणित वेगळे बसेल. रत्नागिरीहून मुंबईच बरी.

घराच्या उंबरठ्यापासून मोजलेले तास

स्वस्त तिकिटांच्या नादात ‘चार दिवस, तीन रात्री’ अशी भाषा तोंडात बसते आणि त्यात कोकणातून विमानतळापर्यंतचा प्रवास धरलेलाच नसतो. म्हणून तिने दिवस न मोजता तास मोजले. दोन पर्याय होते. पहिल्यात गुरुवारी दुपारच्या गाडीने मुंबई गाठून त्याच रात्रीचे विमान घ्यायचे होते. हे तिकीट तीन हजारांनी स्वस्त होते आणि व्हिएतनाममध्ये पूर्ण एक दिवस जास्त मिळत होता. दुसऱ्या पर्यायात गुरुवारी रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघून शुक्रवारी सकाळी ठाण्याला मामांच्या घरी पोहोचायचे आणि शुक्रवारी रात्री उशिराचे विमान घ्यायचे, असे होते.

पहिला पर्याय कागदावर आकर्षक होता. परंतु कोकण रेल्वेचा मार्ग मोठ्या भागात एकेरी आहे, समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी आपली गाडी थांबते आणि दोन-अडीच तासांचा उशीर ही इथे बातमी होत नाही. रेल्वेचे तिकीट आणि विमानाचे तिकीट यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो, त्यामुळे गाडी उशिरा पोहोचली म्हणून विमान कंपनी पैसे परत करत नाही किंवा दुसऱ्या विमानात बसवत नाही. तीन हजार वाचवण्यासाठी २३-२४ हजारांचे तिकीट पणाला लावण्यात अर्थ नव्हता. शिवाय २२ तारखेला माघी गणेश जयंती होती. आत्याने एकच अट घातली होती, “आरती झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, मग कुठे जायचं तिथे जा.” दुसरा पर्याय निवडला गेला. संध्याकाळी कार्यालयातून थेट वाडीतल्या मंदिरात, तिथून घरी जेवण, आणि रात्री रिक्षाने स्टेशन.

हिशेब असा झाला : गुरुवारी रात्री ९ ला घर सोडले आणि मंगळवारी दुपारी २ ला ती परत घरात आली, म्हणजे ११३ तास. त्यांपैकी व्हिएतनामच्या भूमीवर ६१ तास. उरलेले ५२ तास रेल्वे, विमानतळ, विमान आणि मामांचे घर यांत गेले. हे प्रमाण पाहून काही जण असा प्रवास करू नये असे म्हणतील. मला तसे वाटत नाही, पण निघण्याआधी हे प्रमाण डोळ्यांसमोर असायलाच हवे.

तिकिटे आणि नावाची चूक

विमानाचे तिकीट तिने ऑक्टोबरमध्ये २३,८०० रुपयांना काढले. तेव्हा रेल्वेचे आरक्षण उघडलेलेच नव्हते, कारण नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली आहे. २२ जानेवारीची गाडी २३ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता उघडणार होती. म्हणजे महाग तिकीट आधी हाती आणि ज्याच्यावर ते अवलंबून आहे ते स्वस्त तिकीट महिनाभर अधांतरी, अशी ही उलटी उतरंड आहे. यावर तिचा तोडगा साधा होता : रेल्वे मिळालीच नाही तर रत्नागिरीहून रात्रीची खासगी बस. शुक्रवारचा पूर्ण दिवस हाताशी असल्यामुळे तो तोडगा चालण्यासारखा होता. पहिला पर्याय घेतला असता तर तो चालला नसता.

चूक झाली ती नावात. मराठी माणसाच्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात असते आणि स्वतःचे नाव व वडिलांचे नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असते. तिकीट काढताना संकेतस्थळाने जुन्या नोंदीवरून फक्त स्वतःचे नाव आणि आडनाव आपोआप भरले आणि तिने पैसे भरून टाकले. देशांतर्गत प्रवासात याने काही बिघडले नसते. पण व्हिसाच्या अर्जात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव जाणार होते, आणि विमानतळावरच्या खिडकीवर ही दोन नावे वेगळी का, हे समजावत उभे राहण्याची वेळ पहिल्याच परदेशप्रवासात एकटीवर यावी, हे तिला नको होते. दुरुस्तीला १,५०० रुपये लागले. काहींच्या मते ते भरण्याची गरज नव्हती. मी तिच्या जागी असते तर भरलेच असते.

व्हिसाचा अर्ज तिने २९ डिसेंबरला केला. एकदा प्रवेशाच्या ई-व्हिसाची फी २५ डॉलर आहे आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. शोधयंत्रात पहिल्या दिसणाऱ्या बऱ्याच जागा दलालांच्या असतात, दिसायला सरकारी वाटतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. खऱ्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असते, हे तपासूनच तिने कार्डाचा क्रमांक टाकला. छापील मुदत कामाच्या तीन दिवसांची आहे. मध्ये १ जानेवारीची सुट्टी आणि आठवडाअखेर आल्याने प्रत्यक्षात आठ दिवस लागले. जोडसुट्टीसाठी केलेला अर्जसुद्धा दुसऱ्यांच्या सुट्टीत अडकतो, हे तिने तिसऱ्या रकान्यात नंतर लिहून ठेवले. व्हिसा आल्यावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक एकेक अक्षर बोट ठेवून तपासला आणि दोन छापील प्रती काढल्या. एक बॅगेत ठेवली आणि एक मामांकडे दिली.

पैसे आणि पिशवी

सहलीच्या कंपन्यांकडे चौकशी केली होती, पण तिथे एकट्या माणसाला दोघांच्या खोलीचे जादा पैसे पडतात आणि परदेशी सहलीच्या एकत्रित रकमेवर त्या वेळी दहा लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस, म्हणजे कंपनीने आधीच वसूल करून सरकारकडे भरायचा कर, भरावा लागत होता. तो विवरणपत्र भरताना परत मिळतो, हे तिच्याएवढे कोणाला ठाऊक असणार, पण तोवर पैसे अडकून राहतात. विमान आणि मुक्काम स्वतः वेगवेगळे ठरवल्यामुळे हा प्रश्न आला नाही. शुक्रवारी ठाण्यात रिकामा दिवस होता, तेव्हा परवानाधारक विक्रेत्याकडून १५० डॉलर घेतले. नोटा कोऱ्या आणि न दुमडलेल्या मागून घेतल्या, कारण फाटकी किंवा शाई लागलेली नोट तिकडे नाकारतात. डेबिट कार्डावर परदेशातील वापर बँकेच्या अॅपमधून आधी सुरू करावा लागतो. तो तिने घरूनच सुरू केला आणि बँकेचे ओटीपी यावेत म्हणून भारतीय सिम फोनमध्येच ठेवून इंटरनेटसाठी ई-सिम घेतले.

हातातल्या सामानाची मर्यादा ७ किलो होती. वजन तिने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर केले. पहिल्यांदा काटा ८ किलो ४०० ग्रॅमवर थांबला. दुकानदारकाकांनीच विचारले, “यात वजनाचं काय घातलंय एवढं?” आत्याने दिलेला तांदळाच्या लाडवांचा डबा आणि कोकम आगळाची बाटली निघाली. आगळ तसेही हातातल्या सामानातून नेता आले नसते, कारण १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला कोणताही द्रव सुरक्षा तपासणीत काढून घेतात. बाटली घरी गेली, अर्धे लाडू राहिले आणि काटा ६ किलो ८०० वर आला.

६१ तास

पहाटे उतरणारे विमान एकट्या बाईसाठी चांगले की वाईट, यावर घरात वाद झाला होता. मध्यरात्री उतरण्यापेक्षा पहाटे उतरणे निश्चितच चांगले, कारण बाहेर पडेपर्यंत उजाडते आणि सार्वजनिक बस सुरू झालेली असते. विमानतळावरून शहराच्या मध्यभागी जाणारी १०९ क्रमांकाची पिवळी बस तिला साठ रुपयांच्या आत पडली. खोली दुपारी २ ला मिळणार होती, पण पिशवी सकाळीच ठेवून घेतील हे तिने आधी लिहून विचारले होते.

पहिल्या तासात एक छोटा धडा मिळाला. एक लाख डोंग म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये, हे तिने पाठ केले होते. पण २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळ्या असतात हे तिला कोणी सांगितले नव्हते. शहाळे विकणाऱ्या बाईंपुढे तिने धरली ती ५ लाखांची नोट होती, म्हणजे सुमारे सतराशे रुपयांची. त्या बाईंनी नोटेवरच्या शून्यांवर बोट फिरवून मान हलवली आणि तिच्या हातातली दुसरी निळी नोट काढून घेतली. त्यानंतर ५ लाखांच्या नोटा तिने वेगळ्या पाकिटात ठेवल्या. फोनच्या बाबतीत मात्र ती आधीपासून सावध होती. त्या शहरात मोटारसायकलवरून फोन हिसकावण्याचे प्रकार होतात, म्हणून नकाशा पाहायचा तर दुकानाच्या आत शिरूनच, हा नियम तिने तिन्ही दिवस पाळला. रोज रात्री भारतीय वेळेनुसार ८ वाजता मामांना एक संदेश पाठवायचा, असेही ठरलेले होते. तिथे तेव्हा साडेनऊ वाजलेले असत.

शनिवार शहरात गेला : युद्ध अवशेष संग्रहालय, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने उगाच शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन येणे. कू चीची युद्धकाळातली भुयारे तिने वगळली, कारण रविवारचा एकच पूर्ण दिवस होता आणि तो तिने मेकाँग नदीच्या मुखाकडच्या बेन त्रेला दिला. या प्रवासात सुमारे नऊ तास गेले. एवढ्या कमी वेळात ते परवडते का, असे मी विचारले तेव्हा तिने मला फोनमधले एक चित्रीकरण दाखवले. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर एक माणूस नारळ आपटतो, मनगट फिरवतो, आणि तीन झटक्यांत सोडण बाजूला होते. आमच्या आजोबांच्या मागच्या अंगणात हे काम पहारेवर याच पद्धतीने चालायचे. शेजारच्या कढईत नारळाचे दूध आणि गूळसर पाक आटत होता, आणि त्याच्या वड्या पातळ कागदात गुंडाळत चार बायका बसल्या होत्या. “वास आपल्या घरचा होता,” एवढेच ती म्हणाली. त्या वड्यांचे दोन पुडे तिने आत्यासाठी आणले.

सोमवारी संध्याकाळी विमान, रात्री ठाणे, आणि मंगळवारी सकाळी मांडवी एक्स्प्रेस. समोरून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब होत्या, तिच्या डब्यात मात्र पाय पसरून बसता आले.

जमाखर्च

विमान २३,८००, व्हिसा कार्डाच्या आकारासह २,३००, रेल्वे दोन्ही बाजूंची ६००, दोन रात्रींची खाट १,७००, बेन त्रेची सहल १,३००, जेवण, बस आणि किरकोळ खरेदी ३,४००, प्रवास विमा ५५०, ई-सिम ५००, रिक्षा आणि मुंबईतला खर्च ९००, नावाची दुरुस्ती १,५००. एकूण ३६,५५० रुपये. ठरवलेल्या रकमेपेक्षा १,५५० जास्त, आणि त्यातले १,५०० एका न वाचता भरलेल्या रकान्याचे. ठाण्यात मामांचे घर नसते, तर दोन वेळचा मुक्काम आणि जेवण धरून आणखी तीन हजार तरी वाढले असते. ज्याला असे घर नाही त्याने ही रक्कम पहिल्यापासून धरावी.

बुधवारी २८ तारखेला ती वेळेवर कार्यालयात हजर होती. वहीत आता २ ऑक्टोबर २०२६ च्या शुक्रवारपुढे तीन रकाने आखलेले आहेत. पहिल्यात लिहिले आहे : कर लेखापरीक्षणाची मुदत ३० सप्टेंबर, निघता येईल. दुसऱ्यात : गाडी ३ ऑगस्टला उघडेल. तिसऱ्यात चीनची १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी लिहून तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले आहे, कारण त्या आठवड्यात चिनी पर्यटक आग्नेय आशियात मोठ्या संख्येने उतरतात. देशाचे नाव अजून लिहिलेले नाही.